चौथा प्रश्न

तिचं काम लोकांना नाही म्हणायचं होतं, आणि ते ती इतक्या गोडीनं करायची की ऑफिसात तिला सगळे साखर म्हणत. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं.

बँकेच्या क्रेडिट कार्डाचा तो विभाग. लोक कार्डावर फ्रिज घ्यायचे, टीव्ही घ्यायचे, गिझर, मिक्सर, काय वाट्टेल ते घ्यायचे. कार्डाबरोबर एक गुळगुळीत पुस्तिका यायची. तिच्या पहिल्या पानावर एक हसरं कुटुंब, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, की घरात आणलेली वस्तू नव्वद दिवसांच्या आत पडली, फुटली, मोडली तरी चिंता नको, बँक भरपाई देईल. भरपाई कधी देणार नाही, ते एकोणिसाव्या पानावर होतं. त्या पानावर कुटुंब नव्हतं आणि अक्षरं मुंगीएवढी होती. पहिलं पान वाचून फोन करणाऱ्याला एकोणिसाव्या पानावर नेऊन सोडायचं, हा साखरेचा अकरा वर्षांचा उद्योग.

एकोणिसाव्या पानावर एक अट अशी होती, की कंपनीच्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणी वस्तू उघडली असेल तर भरपाई नाही. पूर्वी विभागातली मंडळी सरळसोट विचारायची, "वस्तू अनधिकृत व्यक्तीनं उघडली होती का?" आता 'अनधिकृत' हा शब्द कानावर पडला की कुठला शहाणा माणूस हो म्हणेल? सगळे नाही म्हणायचे, आणि बँकेला मुकाट पैसे मोजावे लागायचे. सात वर्षांपूर्वी एका बैठकीत साहेब याच गोष्टीवरून सगळ्यांवर डाफरत होते, तेव्हा मागच्या खुर्चीवरून साखर म्हणाली, "सर, आपण पोलिसासारखं विचारतो. शेजारणीसारखं विचारून बघू या."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे असं. 'इतका त्रास झाला तुम्हाला. तुम्ही स्वतः काही करून पाहिलंत का हो? काही लोकांच्या हातात कला असते.'"

साहेब हसले, मग त्यांनी ते वाक्य तिला फळ्यावर लिहायला सांगितलं. त्याच आठवड्यात तो फॉर्मातला चौथा प्रश्न झाला. आणि काय सांगावं! लोक भडाभडा बोलायला लागले. कुणी मिक्सरचं बूड उघडलेलं, कुणाच्या मेव्हण्यानं टीव्हीची पाठ खोललेली, कुणी इस्त्रीची वायर बदललेली. सगळे आनंदानं सांगायचे, कारण त्यांच्या हातातली कला आजवर कुणी विचारलीच नव्हती. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली काय चाललंय ते दिसत नाही. फोन ठेवला की तिसऱ्या दिवशी नकाराचा संदेश जायचा. त्या वर्षी साखरेला बढती मिळाली, खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि तिचं नाव कोरलेलं एक जाड काचेचं मानचिन्ह मिळालं.

हे तिला सुचलं कुठून, ते कुणी विचारलं नाही. तिला मात्र ठाऊक होतं.

तिचे वडील घरगुती यंत्रं दुरुस्त करायचे. जिन्याखालच्या गाळ्यात एक बाक, एक दिवा, भिंतभर खिळ्यांना टांगलेली हत्यारं. पंखा असो, इस्त्री असो की पाण्याचा पंप, उघडायच्या आधी ते त्याला कान लावायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणायची. जे दुरुस्त झालं नाही त्याचे पैसे ते घेत नसत. समोरच्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. एकदा त्यांच्या इस्त्रीची मूठ डॉक्टरांच्याच हातून तुटली. बाईंना पत्ताही लागला नसता, पण हे गृहस्थ नवी मूठ बसवून वर घरी जाऊन सांगून आले, की तुमची जुनी मी तोडली. असा माणूस. एरवी घुम्या, तापटही, पण "बाबा, हे तुम्ही कसं केलंत?" एवढं विचारलं की राग विसरून तासभर बोलत राहायचा. लहानपणी प्रगतिपुस्तकात लाल रेघ असली की साखर आधी हा प्रश्न टाकायची, मग पुस्तक पुढे करायची. तीच युक्ती तिनं मोठेपणी बँकेला विकली.

मानचिन्ह आईबाबांकडे नेलं तेव्हा बाबांनी ते मऊ फडक्यानं पुसून टीव्हीच्या शेजारी ठेवलं होतं. "कशाबद्दल मिळालं गं?"

"लोकांशी बोलायची एक नवी पद्धत काढली मी."

"म्हणजे लोकांची कामं लवकर होतात?"

"हो बाबा, लवकर होतात."

हे काही खोटं नव्हतं. फायली खरंच लवकर बंद व्हायच्या.

मागच्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. हाताला पकड राहिली नाही. कपडे पिळायचे म्हटलं तर ती चादर नळाला गुंडाळून डाव्या हातानं पीळ घालायची आणि दात खायची. दुसऱ्यांची वॉशिंग मशीनं दुरुस्त करण्यात बाबांची हयात गेली, स्वतःच्या घरात मात्र कधी आलं नव्हतं. "घेऊ, घेऊ" म्हणत पस्तीस वर्षं निघून गेली होती. आता ते हट्टाला पेटले. गाळा बंद करताना आलेले पैसे त्यांनी त्यासाठी वेगळे काढले.

"रोख देऊ नका," साखर म्हणाली. "माझ्या खात्यावरचं जोडकार्ड तुमच्याकडे आहे ना, त्यावर घ्या. वस्तूला संरक्षण असतं."

बाबांनी कार्डावर मशीन घेतलं, आणि त्याच संध्याकाळी साखरेच्या हातात तेवढी रक्कम ठेवली. ती घेईना, तर ते जेवायला बसेनात. शेवटी तिनं घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं, की काहीही घ्याल ते कार्डावर घ्या, बँक जबाबदारी घेते, आमची लेकच तिथे आहे. समोरच्या बाईंना फ्रिज घ्यायचा होता. त्यांना तर दोनदा सांगितलं.

मशीन तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांच्या हातून निसटलं आणि जिन्याच्या वळणावर कोपऱ्यावर आदळलं. "खोका आपटला काका, आत काही नाही झालं," हमाल म्हणाले. बाबांनी आतला आवाज ऐकला होता, पण आई दारात उभी होती, तिच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी काहीतरी उजळलं होतं, आणि त्यांनी पावतीवर सही करून टाकली. पहिल्याच धुण्याला मशीन धडधडत न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत आलं. दुकानदार म्हणाला, सही केलीत तेव्हा चांगलं होतं. कंपनी म्हणाली, आपटलेल्या मालाला वॉरंटी नाही. दोघांनीही काखा वर केल्या.

"हरकत नाही," साखर फोनवर म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. "ह्याच्यासाठीच तर कार्ड आहे. तुम्ही दावा टाका. फोटो काढा, पावती जोडा. मला ती फाईल बघता येणार नाही, नातेवाइकांचं काम आम्हाला देत नाहीत, पण होईल." मग तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही मशीनला हात नाही ना लावलात?"

"छे गं! मी कशाला लावतोय?"

उत्तर जरा जास्तच चटकन आलं होतं. तिला ते कळलंही. बंद पडलेलं यंत्र घरात आठ दिवस उभं आहे आणि ह्या माणसाचे हात शिवशिवले नाहीत, हे सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं. तिनं तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाबा, फोन येईल, एक बाई गोड बोलेल, काही विचारेल, त्याला नाही म्हणा. पण मग बाबांनी विचारलं असतं, असं कोण विचारतं, आणि का? त्यांची खोड तिला माहीत होती. एक स्क्रू काढला की शेवटचा काढेपर्यंत ते थांबत नसत. टीव्हीशेजारचं ते मानचिन्ह तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिनं विषय बदलला. आईच्या हाताची चौकशी केली.

दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर विभागात आठवड्यातला सगळ्यात चांगला फोन ऐकायची पद्धत होती. ही पद्धतही साखरेचीच. दहा खुर्च्या गोल मांडायच्या, ग्राहकाचं नाव कापून रेकॉर्डिंग लावायचं आणि मग साखरेनं समजावून सांगायचं, की ह्यात चांगलं काय होतं. त्या शुक्रवारी एका नव्या मुलीचा फोन निवडला होता. तिला कामाला लागून तीन आठवडे झाले होते. ती लाजून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

साहेबांनी बटण दाबलं. आधी एक खोकला ऐकू आला, आणि साखरेनं तो ओळखला. फोनवर बोलायच्या आधी बाबा नेहमी असेच खोकायचे, समोरचं माणूस प्रत्यक्ष येऊन बसल्यासारखे.

नाव, तारीख, पावती, तीन प्रश्न झाले. मग नव्या मुलीचा आवाज आला, "काका, इतका त्रास झाला तुम्हाला. तुम्ही स्वतः काही करून पाहिलंत का हो? काही लोकांच्या हातात कला असते."

नाही म्हणा, साखर मनात म्हणाली. बाबा, नाही म्हणा.

"कला कसली, बाळा," बाबा म्हणाले, आणि आवाजावरूनच कळत होतं की ते खुर्चीत सरसावून बसले आहेत. "पन्नास वर्षं हेच केलं, दुसरं काय."

"अगं बाई, हो? मग तुम्हाला लगेच कळलं असेल!"

"कान लावला की कळतं. मागचं झाकण काढलं. आठ स्क्रू असतात. टब ज्या स्प्रिंगांवर लटकतो ना, त्यातली डावीकडची सुटली होती, ती चढवली. पण आतला दांडाच वाकलाय, तो घरी सरळ होत नाही. तुमचा माणूस येईल त्याला तेवढं सांगून ठेवा, म्हणजे त्याचा वेळ वाचेल."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, पण तेही हसत होते.

"आणि एक," रेकॉर्डिंगमधून बाबा आवाज खाली आणून म्हणाले, "घरी कुणाला बोलू नका हं. माझ्या लेकीला मी नाही म्हणून सांगितलंय. ती रागावते. तुमच्याच बँकेत आहे ती, मोठ्या पदावर. तुमच्यासारखंच गोड बोलते."

"नाही सांगणार हं काका."

आता सगळेच हसले. नव्या मुलीनं तोंडावर हात धरला. तिचा काय दोष? तिच्या हातात कागद दिला होता आणि तिनं तो नीट वाचला होता.

"चला, साखर," साहेब म्हणाले. "काय आवडलं, सांग पोरांना."

दहाजण तिच्याकडे बघत होते. ती उठून जाऊ शकली असती. हा माझा बाप आहे, असं म्हणू शकली असती. तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून तिची तिलाच शिसारी आली. "'मग तुम्हाला लगेच कळलं असेल', हे चांगलं होतं," ती म्हणाली. "ते फॉर्मात नाही. स्वतःचं घातलंयस. छान." आणि नव्या मुलीचा चेहरा खुलला.

खुर्च्या उचलल्या गेल्यावर ती साहेबांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. "सर, तो दावा माझ्या वडिलांचा आहे."

साहेबांचा चेहरा खरोखरच पडला. माणूस वाईट नव्हता. "अरेरे. आधी बोलायचंस ना. आता रेकॉर्डिंग झालंय, नकार सकाळीच गेलाय." त्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "तुमची अडचण आम्हाला पूर्ण समजते, पण..."

आणि ते मध्येच थांबले. हे वाक्य कुणी शिकवलं होतं, ते दोघांनाही आठवलं होतं. साखरेनं मान हलवली आणि पर्स उचलून चार वाजताच आईबाबांच्या घराकडे निघाली.

दार उघडंच होतं. वॉशिंग मशीन पॅसेजमध्ये भिंतीला लावून ठेवलेलं, त्यावर आईनं नीट कव्हर घातलेलं, कव्हरवर फुलांची नक्षी. न्हाणीघरात आईबाबा मोठी चादर पिळत होते. आईनं एक टोक काखेत दाबून धरलं होतं आणि बाबा दुसऱ्या टोकानं पीळ घालत होते. दोन पीळ झाले की आईच्या काखेतून चादर सुटत होती.

"आण इकडे," साखर म्हणाली आणि बाह्या वर करून तिनं आईकडचं टोक घेतलं. आई बाहेर जाऊन बसली आणि मनगट चोळत राहिली.

"नकार आला," बाबा म्हणाले.

"कळलं मला."

"वळव. उजवीकडे."

दोघांनी पीळ घातला. पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं.

"तुझ्याशी खोटं बोललो मी," बाबा म्हणाले. "मशीन उघडलं होतं. तू ओरडशील म्हणून नाही म्हटलं."

"असू दे बाबा."

"सकाळपासून तो फोन मी मनात खोलून बघतोय. सगळं सुटं करून मांडलं. नाव ठीक, तारीख ठीक, पावती ठीक. चौथ्या प्रश्नाशी घोडं पेंड खातं. ती पोर मला विचारत नव्हती गं. ती वाचत होती. कुणीतरी लिहून दिलेलं." त्यांनी आणखी एक पीळ दिला. "आणि ज्यानं लिहिलं ना, तो पक्का कारागीर. आमच्यासारखी माणसं त्याला आतून बाहेरून ठाऊक आहेत. माझ्या घरात राहिल्यासारखा लिहिलाय प्रश्न."

साखरेच्या हातातलं टोक सैल झालं.

"आजवर मला हे असं एकाच माणसानं विचारलंय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "प्रगतिपुस्तक पाठीमागे लपवून."

"मीच लिहिला," साखर म्हणाली.

"ते काचेचं त्याबद्दलच मिळालं?"

"हो."

"काय चाललंय तुमचं?" बाहेरून आईनं विचारलं. "कुणी काय लिहिलं?"

"बाबा, मी नवं मशीन घेऊन देते. उद्याच. मला सांगायला हवं होतं आधी, मला माहीत होतं फोन येणार, पण सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं..." पुढचं तिला बोलवेना. तिला रडू आलं, आणि हात ओले असल्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"मशीन नको."

"आईचा हात बघा ना बाबा."

"तिच्या हाताचं मी बघीन. माझे दोन आहेत अजून."

तेवढ्यात समोरच्या बाई दारात आल्या. शाळेतून परस्पर आल्या होत्या, खांद्यावर पिशवी, बोटांना खडू. "डॉक्टर, सोमवारी येतोय बरं का आमचा फ्रिज!" त्या खुशीत होत्या. "तुम्ही बजावलंत तसं कार्डावरच घेतला. आता काय, काही झालं तर ताई आहेतच."

बाबांनी बाईंकडे पाहिलं. मग एका हातात चादरीचं टोक तसंच धरून ते म्हणाले, "बाई, एक लक्षात ठेवा. फ्रिजला काही झालं, तर बँकेतून फोन येईल. बोलणारं माणूस फार गोड असेल. ते विचारेल, तुम्ही स्वतः काही करून पाहिलंत का. नाही म्हणायचं."

"बरं. आणि केलं असेल तर?"

"तरी नाही म्हणायचं."

बाई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. "अहो, खोटं बोलू म्हणता? माझ्या इस्त्रीची मूठ तोडली म्हणून घरी येऊन सांगणारे तुम्ही, आणि तुम्ही हे सांगताय?"

"हो," बाबा म्हणाले. "मीच सांगतोय."

बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी एकदा बापाकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं, सोमवारी चहाला या म्हणाल्या आणि गेल्या. दार लागल्याचा आवाज आला.

साखर टोक धरून तशीच उभी होती.

"नीट धर," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "पाणी आहे अजून."